विमानातला मोबाइल : नियम सरकारचा, पालन प्रवाशाचे

मुंबईच्या विमानतळावर विमान उतरते. चाके धावपट्टीला टेकल्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नसतो, वेग कमी करण्यासाठी इंजिनांची घरघर वाढलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी आसनांच्या रांगांमधून ओळखीचे सूर उमटू लागतात. कुठे संदेश आल्याची टिणटिण, कुठे चित्रपटगीताची धून, तर कुठे 'हो, आत्ताच उतरलो, गाडी पुढे आण' असे मोठ्या आवाजातले बोलणे. पट्टे सोडू नयेत, विमान थांबेपर्यंत उठू नये, ही सूचना त्या गलबल्यात विरून जाते.

या प्रसंगात एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बंद केलेला किंवा 'फ्लाइट मोड'वर ठेवलेला फोन पुन्हा सुरू केला, की त्याला जवळचा मनोरा शोधून नोंद करायला काही वेळ लागतो. चाके टेकताक्षणी जो फोन वाजतो, तो बहुधा संपूर्ण प्रवासभर चालूच होता, असा त्याचा अर्थ. समोरच्या छोट्या आसनावर पट्टा बांधून बसलेल्या हवाई सुंदरीला हे सारे ऐकू येत असते. परंतु त्या क्षणी जागेवरून उठण्याची तिला स्वतःलाच मुभा नसते.

विमानातील मोबाइलविषयीच्या नियमाचे दुखणे या एका दृश्यात सामावलेले आहे. नियम आहे, तो मोडल्यास कारवाईची तरतूदही आहे. पण नियम पाळला गेला की नाही, हे पाहण्याचे साधन कोणाच्याच हाती नाही. अशा वेळी नियमाचे भवितव्य एकाच गोष्टीवर अवलंबून राहते. तो का केला आहे, हे प्रवाशाला पटले आहे का?

मोबाइलपूर्वीचा नियम

विमानात विद्युत उपकरणे वापरण्यावरील बंधन मोबाइल फोनपेक्षा जुने आहे. साठच्या दशकात अमेरिकेत ते आले, तेव्हा संशयित होता प्रवाशाच्या हातातला छोटा एफएम रेडिओ. रेडिओ हे केवळ ऐकण्याचे साधन असल्याने ते निरुपद्रवी असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एफएम रेडिओच्या पोटात स्वतःची एक लहर निर्माण होत असते आणि तिची कंप्रता ऐकू येणाऱ्या केंद्रापेक्षा साधारणपणे १०.७ मेगाहर्ट्झने अधिक असते. १०० मेगाहर्ट्झचे केंद्र लावले की आतली लहर ११०.७ वर जाते. विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरील व्हीओआर केंद्रांचे संकेत १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. म्हणजे प्रवाशाच्या मांडीवरचा रेडिओ वैमानिकाच्या दिशादर्शक यंत्राच्या वाटेत येऊ शकत होता.

भारतातही १९३७ च्या विमान नियमावलीत पुढे '२९ बी' या नियमाची भर पडली. उड्डाणादरम्यान कोणीही हाताळता येण्याजोगे विद्युत उपकरण वापरू नये आणि विमान कंपनीने किंवा वैमानिकाने ते वापरू देऊ नये, असा त्याचा आशय होता. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, दाढीचे विद्युतयंत्र अशा वस्तूंना त्यातून वगळले होते. या नियमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बंधन एकट्या प्रवाशावर नाही. वापर होऊ न देण्याची जबाबदारी कंपनी आणि वैमानिक यांच्यावरही टाकलेली आहे.

फोन ओरडतो, तेव्हा

मोबाइल फोन हा मुळात रेडिओ प्रक्षेपकच. खिशात निमूट पडलेला असतानाही तो अधूनमधून 'मी इथे आहे' असे मनोऱ्याला कळवत राहतो. मनोरा जवळ असला तर तो हळू बोलतो, मनोरा दूर असला किंवा मध्ये आडोसा असला तर आवाज चढवतो. जुन्या जीएसएम पद्धतीचा फोन ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन वॉटपर्यंत शक्ती लावू शकत असे. ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट, म्हणजे बरीच कमी असते.

आता हा फोन दहा किलोमीटर उंचीवरच्या धातूच्या नळकांड्यात ठेवला आहे, अशी कल्पना करावी. मनोऱ्यांचे अँटेना रस्त्यांकडे आणि घरांकडे रोखलेले असतात, आकाशाकडे नाही. त्यातून विमानाची धातूची भिंत लहरींना अडवते. फोनला कोणी उत्तर देत नाही, म्हणून तो आपली सारी शक्ती पणाला लावून हाका मारत राहतो. एका विमानात दीडशे-दोनशे प्रवासी आणि तितकेच किंवा त्याहून अधिक फोन असतात. जीएसएम फोन रेडिओजवळ ठेवला की ऐकू येणारी 'टिक्-टिक्-टर्र' अशी खरखर अनेकांना आठवत असेल. तशीच खरखर वैमानिकांना आपल्या कर्णफोनांत ऐकू आल्याच्या नोंदी आहेत. हवाई वाहतूक नियंत्रकाने सांगितलेली उंची किंवा धावपट्टीचा क्रमांक त्या खरखरीत हरवला, तर वैमानिकाला पुन्हा विचारावे लागते. उतरण्याच्या ऐन घाईत असे पुन्हा विचारणे महागात पडू शकते.

अमेरिकेत हवाई प्रवासातील मोबाइलवर १९९१ मध्ये जी बंदी आली, तिच्यामागचे कारण आणखी वेगळे होते. ती विमान वाहतूक खात्याने नव्हे, तर दूरसंचार आयोगाने घातली. विमान खाली येऊ लागले की उंचावरून फोनला एकाच वेळी अनेक मनोरे 'दिसतात'. जमिनीवरचे जाळे मात्र एका वेळी जवळचे मोजके मनोरे गृहीत धरून आखलेले असते. वेगाने सरकणारा फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांशी बोलू पाहतो, तेव्हा खालच्या ग्राहकांच्या सेवेत व्यत्यय येऊ शकतो, ही त्या आयोगाची चिंता होती.

विमान खरोखर पडते का?

या विषयाची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'मोबाइलमुळे एखादे तरी विमान पडले आहे का?' याचे प्रामाणिक उत्तर असे, की मोबाइल हेच कारण म्हणून निर्विवादपणे सिद्ध झालेली मोठ्या प्रवासी विमानाची दुर्घटना दाखवता येत नाही.

संशयाला जागा असलेले एक प्रकरण न्यूझीलंडमधले आहे. जून २००३ मध्ये क्राइस्टचर्चजवळ उतरत असलेले एक छोटे विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले आणि वैमानिकासह आठ जण ठार झाले. त्या वेळी वैमानिकाचाच मोबाइल चालू होता. उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या यंत्राच्या चुकीच्या दर्शनाला तो फोन कारण ठरला असण्याची शक्यता तपास यंत्रणेने नमूद केली. मात्र ती शक्यता म्हणूनच.

याच्या उलट टोकाचे उदाहरण नेपाळचे. जानेवारी २०२३ मध्ये पोखरा येथे एटीआर ७२ जातीचे विमान कोसळून ७२ जणांचा मृत्यू झाला. विमानातील एका भारतीय प्रवाशाच्या फोनवरून अखेरच्या क्षणांचे थेट प्रक्षेपण झाले आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. साहजिकच अनेकांनी बोट मोबाइलकडे दाखवले. चौकशीत मात्र निष्पन्न झाले, की वैमानिक कक्षात चुकीचे दांडे ओढले गेल्याने दोन्ही पंख्यांचा जोर नाहीसा झाला होता. त्या फोनचा अपघाताशी संबंध नव्हता.

मग नियमाची गरज काय? हवाई सुरक्षेची विचारपद्धती समजून घेतली तर याचे उत्तर मिळते. तेथे 'अपघात होईल का' एवढाच प्रश्न विचारत नाहीत. 'नसेल तर का नाही, हे आपण तपासून पाहिले आहे का' असा प्रश्न विचारतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने तेराशेहून अधिक बोइंग ७३७ आणि ७७७ विमानांच्या वैमानिक कक्षातील दर्शक पडदे बदलण्याचा आदेश दिला. विमानात वाय-फाय यंत्रणा बसवताना केलेल्या चाचण्यांत हे पडदे काही क्षण कोरे पडल्याचे आढळले होते. प्रत्यक्ष उड्डाणात तसे घडल्याची वाट पाहत न बसता पडदे बदलायला लावण्यात आले.

पुढे ५जी सेवेच्या वेळीही हेच घडले. विमान जमिनीपासून किती उंचावर आहे, हे मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याच्या शेजारच्या पट्ट्यात ५जी सेवा सुरू होत असताना एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी तेथील काही उड्डाणे रद्द केली. भारतातील ५जी सेवेचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ, म्हणजे अल्टिमीटरपासून अधिक अंतरावर आहे. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना सूचना दिली, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या क्षेत्रात या पट्ट्यातील ५जी मनोरे उभारू नयेत. येथे चिंता प्रवाशाच्या फोनची नसून मनोऱ्यांची होती. पण तत्त्व तेच. दाट धुक्यात दिल्लीच्या धावपट्टीवर विमान स्वयंचलितपणे उतरते, तेव्हा वैमानिकाचे डोळे जवळपास निरुपयोगी असतात. त्या शेवटच्या काही सेकंदांत सारा भरवसा अशाच रेडिओ यंत्रांवर असतो. अशा वेळी सर्व उपकरणे पूर्ण बंद करण्याची सूचना झाली, तर ती घोषणा सवयीची म्हणून सोडून देण्याजोगी नसते.

बंदीकडून परवानगीकडे

नियम तसेच्या तसे राहिले नाहीत. विमानांची यंत्रे अधिक सुरक्षित आवरणांची झाली, चाचण्या झाल्या आणि बंधने सैल होत गेली. मार्च २००८ मध्ये एमिरेट्सच्या विमानात अधिकृतपणे मोबाइलवर बोलण्याची सोय झाली. त्यासाठी विमानातच एक छोटा मनोरा बसवण्यात आला होता. मनोरा हाताच्या अंतरावर असल्याने फोन अगदी कमी शक्तीवर बोलतो आणि पुढचा संदेश उपग्रहामार्फत जातो. ओरडणाऱ्या फोनला शांत करण्याचा हा उपाय होता.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने आणि त्यापाठोपाठ युरोपने उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत 'फ्लाइट मोड'मधील उपकरणे वापरण्याचा मार्ग मोकळा केला. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४ मध्ये तशीच मुभा दिली. २०१८ अखेरीच्या नियमांनी भारतीय हवाई हद्दीत ३,००० मीटर उंचीनंतर विमानात दूरसंचार सेवा देण्याची वाट उघडली. २०२० मध्ये 'फ्लाइट मोड'मधील लॅपटॉप, फोन, टॅब्लेटवर विमानातील वाय-फाय वापरू देण्याची तरतूद झाली आणि जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत ही सेवा सुरू केली.

या सवलतींमुळे सामान्य प्रवाशाचा गोंधळ मात्र वाढला. वाय-फाय चालते, ब्लूटूथचे कर्णफोन चालतात, मग मोबाइलचे जाळे का चालत नाही, असे त्याला वाटते. फरक शक्तीचा आणि तपासणीचा आहे. विमानातील वाय-फायचा प्रक्षेपक काही फुटांवर असतो आणि त्या विमानात तो चालवून पाहिलेला असतो. खाली कुठेतरी असलेल्या मनोऱ्याला हाका मारणाऱ्या फोनची अशी हमी कोणी दिलेली नसते. 'फ्लाइट मोड' म्हणजे फोन बंद करणे नव्हे, त्याच्या हाका बंद करणे होय.

अंमल कोणी करायचा?

विमानात पोलिस ठाणे नसते. तेथील कायद्याचा प्रतिनिधी म्हणजे मुख्य वैमानिक. १९६३ च्या टोकियो कराराने आणि तो लागू करण्यासाठी भारताने केलेल्या १९७५ च्या कायद्याने वैमानिकाला सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय योजण्याचा, गरज पडल्यास प्रवाशाला आवरण्याचा आणि पुढच्या विमानतळावर उतरवण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकारांपुरते, बाहेरची सर्व दारे बंद झाल्यापासून ती उतरण्यासाठी उघडेपर्यंत विमान 'उड्डाणात' मानले जाते. दार बंद झाल्यावर हवाई सुंदरीच्या स्वरात येणारा ठामपणा असा कायद्यातून आलेला असतो. ती जे सांगते, ते वैमानिकाच्या वतीने सांगते. विमान नियमावलीनुसार असा कायदेशीर आदेश धुडकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

परदेशांत याची कठोर उदाहरणे आहेत. माद्रिदहून मँचेस्टरला जाणाऱ्या विमानात वारंवार सांगूनही मोबाइल बंद न करणाऱ्या एका प्रवाशाला १९९९ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने बारा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०११ मध्ये हॉलिवूडचा अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन याला फोनवरचा शब्दखेळ न थांबवल्यावरून लॉस एंजलिस येथे उड्डाणापूर्वी विमानातून उतरवण्यात आले. भारतात मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका खासदाराने एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला मारहाण केल्याचे प्रकरण गाजले आणि त्यानंतर त्याच वर्षी बेशिस्त प्रवाशांसाठी 'नो फ्लाय' यादीचे नियम आले. त्यांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या ठरवण्यात आल्या. शाब्दिक गैरवर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या कृत्यासाठी किमान दोन वर्षांची प्रवासबंदी. निर्णयासाठी निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीची तरतूद झाली.

कागदावर ही साखळी भक्कम आहे. व्यवहारात मात्र तिची पहिलीच कडी नाजूक असते. कर्मचाऱ्याला फोनचा पडदा दिसला तरच तो टोकू शकतो. खिशातला, पर्समधला, डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेतला फोन कोणत्या अवस्थेत आहे, हे कोण पाहणार? साधारण दोनशे प्रवाशांमागे चार-पाच कर्मचारी असतात आणि उड्डाण व अवतरण या सर्वांत नाजूक वेळी ते स्वतः पट्ट्यात बांधलेले असतात. एका प्रवाशाशी वाद वाढवला तर विमान धावपट्टीवरून परत आणावे लागेल, शे-दीडशे जणांचा खोळंबा होईल, पोलिसांत जबाब द्यावे लागतील. मग विनंती होते, स्मितहास्य होते आणि पुष्कळदा दुर्लक्षही होते. शिक्षा फार तर आवाज चढवणाऱ्याला होते. शांतपणे नियम मोडणारा सुखरूप घरी जातो.

लक्ष कुठे आहे?

लहरींचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी उड्डाण आणि अवतरणाच्या वेळी फोन खाली ठेवण्याला आणखी एक कारण उरते. प्रवासी विमानाला मान्यता देताना अर्ध्याच दारांतून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. हे गणित प्रवाशांचे कान आणि हात मोकळे असतील, या गृहीतकावर उभे आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळले आणि पेटले. विमानातील तीनशेही जण वाचले. मात्र आग विझवताना एका अग्निशमन जवानाचा मृत्यू झाला. विमानातूनच मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितीत धूर भरत असताना प्रवासी बॅगा काढताना दिसतात आणि कर्मचारी सामान सोडून बाहेर उड्या मारण्यासाठी ओरडत असतात. ती चित्रफीत टिपणाऱ्याचा हातही त्या वेळी फोन धरण्यात गुंतलेला होता, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

प्रवाशाचे लक्ष पडद्यावर खिळलेले असेल आणि कानांत कर्णफोन असतील, तर पहिली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो एकटाच अडकत नाही. त्याच्या मागच्या रांगाही अडकतात.

न दिसणारा पहारेकरी

हेल्मेट किंवा आसनपट्टा हे नियम मुख्यतः मोडणाऱ्याच्याच जिवाशी निगडित असतात आणि पोलिसाला ते दुरून दिसतात. विमानातील मोबाइलचा नियम याहून अवघड जातीचा आहे. तो मोडलेला दिसत नाही, मोडल्यावर बहुतेक वेळा काहीच होत नाही आणि म्हणून प्रत्येक सुखरूप प्रवास नियम मोडणाऱ्याला 'पाहा, काही झाले का?' असे म्हणण्याची संधी देतो. यावर उपाय म्हणून वाढीव दंड सुचवला जातो, पण न दिसणाऱ्या कृतीला दंड कसा लावणार?

त्यापेक्षा घोषणेतील एक वाक्य बदलून पाहता येईल. 'आपली उपकरणे फ्लाइट मोडवर ठेवावीत' एवढेच पाठ म्हणून दाखवण्याऐवजी, वैमानिकाला नियंत्रकाचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे यासाठी ही विनंती आहे, एवढे कारण जोडले तरी तिचे वजन बदलेल. भीती दाखवलेला प्रवासी दोन-चार प्रवासांनंतर निर्ढावतो. कारण कळलेला प्रवासी सहसा निर्ढावत नाही. प्रवाशाच्या बाजूनेही मागणी फार मोठी नाही. दार बंद होताना एका बोटाचा स्पर्श आणि विमान धावपट्टी सोडून परवानगीची घोषणा होईपर्यंत थोडा धीर.

घरी कोणी वाट पाहत असते, बाहेर गाडी उभी असते, कार्यालयातून चार निरोप आलेले असतात. विमान धावपट्टीवरून वळून थांब्याकडे निघेपर्यंत ते सारे आणखी दोन-तीन मिनिटे थांबू शकते. तेवढा वेळ पुढच्या कक्षातील दोन माणसांना शांतता हवी असते. तिथे पहारा ठेवायला कोणी येणार नाही. तो ज्याच्या खिशात फोन आहे, त्यानेच ठेवायचा आहे.